उभ्या पाईपातली नळी

"मग तुम्ही तिला सांगणार, की नाही सांगणार?"

भोईटे तिसऱ्यांदा विचारत होते. बुवा सुपातल्या तांदळातले खडे वेचत होते.

त्यांनी एक खडा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"काय सांगू?"

"घरी जा म्हणून सांगा. माझं ती ऐकत नाही. तुमचा शब्द मोडणार नाही."

बुवांनी पुढचा खडा वेचला.

 मी या मठाची कोठी सांभाळतो. डाळ-तांदूळ काढून देणं, चूल पेटवणं आणि नको तिथे न बोलणं ही माझी कामं. तिसरं मला सहसा जमत नाही, पण त्या सकाळी जमवलं.

आमचा मठ काही मोठा नाही. माळावर चार खोल्या, मागे एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सात खाटा. ज्यांना घरात कुणी ठेवून घेत नाही असे सात म्हातारे-म्हाताऱ्या त्या खाटांवर पडून असतात. दर्शनाला येणारे लोक बुवांपुढे नारळ ठेवतात आणि शेडकडे न बघता निघून जातात. बुवा कुणाला ज्ञान वगैरे सांगत नाहीत. लोक विचारतात आणि बुवा तांदूळ निवडतात.

हे मारुतराव भोईटे म्हणजे साखर कारखान्यात बॉयलरवरचे फोरमन. एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बॉयलरचा एखादा सांधा सुटला आणि वाफ बाहेर आली तर समोरचा माणूस भाजून मरतो. भोईट्यांच्या पाळीत कधी कुणी भाजलं नाही. हे त्यांनी आल्या आल्या, चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच, मला सांगून टाकलं. बोलायचेही अगदी शुद्ध. हुद्द्याबरोबर त्यांची भाषाही वर चढली असावी.

त्यांच्या पत्नी शालनबाई तीन आठवड्यांपूर्वी एकट्याच एसटीने मठात आल्या होत्या. हातात एक पिशवी. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो, तर बाई मोरीत बसून खाटांवरच्या चादरी धूत होत्या. ते काम माझं होतं आणि माझा उजवा खांदा त्यापायी कामातून गेला होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बाई का आल्या हे मी दोन दिवस विचारलंसुद्धा नाही.

मग त्या स्वतःच बुवांपाशी बोलल्या आणि मी चुलीपाशी बसून ऐकलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा, सुहास, आठ महिन्यांपूर्वी गेला. संध्याकाळी मोटरसायकलवरून येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. चौदाव्या दिवशी भोईट्यांनी पोराचा फोटो भिंतीवरून काढला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. बायकोला सांगितलं, आता या घरात त्याचं नाव निघायचं नाही आणि रडायचं नाही. झालं तेवढं पुरे.

बाईंनी नवऱ्याचं ऐकलं. नाव घेतलं नाही. रडल्या नाहीत. आणि नवऱ्याशी बोलणंही बंद केलं. सात महिने दोघं शेजारी जेवायला बसत होती आणि तोंडातून शब्द नव्हता. शेवटी पिशवी भरून त्या इथे आल्या. बुवांना म्हणाल्या, मी आता माघारी जात नाही, इथंच चादरी धुवीन आणि इथंच मरेन.

बुवांनी त्यांना राहा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

आता नवरा न्यायला आला होता. बाई शेडमध्ये होत्या, बाहेर येत नव्हत्या. संध्याकाळची शेवटची एसटी धरून दोघांनी मिळून घरी जायचं, एवढंच भोईट्यांना हवं होतं. माणूस रिकाम्या घराला भ्यालेला होता. तोंडाने कबूल करत नव्हता, पण एसटीची वेळ मला सारखी विचारत होता.

बुवांनी सूप खाली ठेवलं.

"भोईटे, नळाचं काम येतंय?"

भोईट्यांना ते लागलं. म्हणाले, दीडशे पौंड दाबाच्या वाफेचे पाईप मी जोडलेत, नळाचं काय विचारता.

"मोरीत धुलाईचं मशीन हाय. दोन महिने पडून हाय. तेवढं जोडा. सात खाटांच्या चादरी त्यातनं निघू द्या. मग सांगतो तिला. तुमच्यासमोर सांगतो."

"नक्की?"

बुवांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं...

भोईटे उठले. मला म्हणाले, "तात्या, पाने कुठे आहेत?"

ते मशीन तालुक्याच्या एका कापडवाल्याने दान दिलेलं होतं. गोणपाटात गुंडाळून पडलं होतं. नळवाला येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही. गवंड्याने मोरी बांधतानाच मशीनच्या सांडपाण्यासाठी एक करडा पाईप भिंतीलगत कमरेएवढा उभा करून ठेवला होता. वर तोंड उघडं, खाली शोषखड्ड्याला जोडलेला. मशीनच्या मागे एक वळ्यावळ्यांची नळी होती. ती त्या उभ्या पाईपात सोडायची, इतकंच काम.

भोईट्यांनी नळी पाईपाच्या तोंडात धरून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. नळी बारीक, पाईप मोठा. भोवती बोटभर फट राहत होती.

"असं उघडं ठेवतात? ही काय पद्धत झाली?"

मशीनबरोबर एक पुस्तिका होती, तीत चित्रं होती. मी ती पुढे केली. त्यांनी ती घेतली, मशीन हलतंय म्हणून घडी करून एका पायाखाली सारली आणि पाणसळ लावून पाहिली. मशीन सरळ झालं.

मग त्यांनी काम केलं. काम मात्र बघण्यासारखं. नळी हातभर आत ढकलली. फटीत सुतळी गुंडाळून सफेदा भरला, त्यावर खिडकीच्या काचेला लावतात ते लुकण मळून बसवलं आणि ओल्या अंगठ्याने गोल फिरवून असं गुळगुळीत केलं, की पाईप आणि नळी एकच वाटावी. त्या तासाभरात माणूस अगदी निवांत दिसला. आपलं काम हातात असलं की प्रत्येकजण तसा दिसतो. मला त्यांची दया आली आणि ती मी लपवली.

लुकण वाळेपर्यंत आम्ही जेवलो. दुपारी पहिल्या चादरी मशीनमध्ये पडल्या. पाणी भरलं, मशीन घुसळायला लागलं. पंधरा मिनिटांनी साबणाचं काळं पाणी नळीतून घरघरत पाईपात गेलं. भोईट्यांनी सांध्याभोवती बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट कोरडं होतं.

ते तसेच बुवांकडे गेले. जोडलं म्हणाले.

"चादरी निघू द्या," बुवा म्हणाले.

भोईटे परत आले. मशीन आता चादरी खळबळायला दुसरं पाणी घेत होतं. नळाची धार चालू होती. आम्ही उभे राहिलो. धार चालूच होती. मी झाकण उघडून आत पाहिलं, तर तळाशी चार बोटं पाणी. भोईटे म्हणाले, दाब कमी आहे, आणि टाकीकडून येणारा कॉक पूर्ण उघडला.

मी चहा टाकायला गेलो. चहा झाला, दिला, प्यायलो. धार चालू होती. तळाशी चार बोटं पाणी होतं. मशीन मध्येच पीं पीं करून थांबलं, भोईट्यांनी बटण दाबून पुन्हा चालू केलं. पुन्हा थांबलं, पुन्हा दाबलं. पाईपातून बारीक, एकसारखा आवाज येत होता. त्यांनी पान्याने पाईप ठोकून पाहिला, वाकून मशीनच्या खाली पाहिलं, जमिनीवर तळहात फिरवला. कुठेही ओल नव्हती.

मग शेडमधून हाक आली. नळाला पाणी नाही.

आमची टाकी पाचशे लिटरची. मोटरला लागणारी थ्री-फेज वीज पहाटे तीनच तास येते, तेवढ्यात मोटर लावून टाकी भरायची आणि ती दुसऱ्या पहाटेपर्यंत पुरवायची. सात आजारी माणसं, आम्ही चार, आणि सबंध टाकी त्या मशीनमधून शोषखड्ड्यात गेली होती.

हे असं का झालं, ते मला नंतर त्या पुस्तिकेत कळलं. ती मी मशीनच्या पायाखालून ओढून काढली तेव्हा. नळी उभ्या पाईपात मोकळी सोडायची असते. भोवतीच्या फटीतून वारा आत जातो, म्हणून घाण पाणी निघून गेलं की ओढ तुटते. फट लिंपून टाकली, की पाईप खालून ओढतच राहतो. वरून येणारं चांगलं पाणीसुद्धा ओढून नेतो. भांडं कधी भरत नाही.

पण तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. भोईटे मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. सारखं एकच सांगत होते, गळत कुठेच नाही. ते खरं होतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून ते जमलं नाही.

तेवढ्यात शालनबाई आल्या.

दोन्ही हातांत रिकाम्या घागरी होत्या. विहीर माळाच्या खाली, चालून दहा मिनिटांवर. सकाळपासून नवरा-बायको पहिल्यांदा समोरासमोर येत होती. त्या न बघताच पुढे जाणार होत्या. पण मोरीतला आवाज ऐकून थांबल्या. घागरी खाली ठेवल्या. आत आल्या, उभ्या पाईपाकडे पाहिलं, त्यावरच्या गुळगुळीत लुकणाकडे पाहिलं...

मग स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली.

"अगं, फुटेल ते," भोईटे म्हणाले.

बाईंनी सुरीचं टोक लुकणात घातलं आणि गोल फिरवलं. लुकण तुकड्यातुकड्यांनी खाली पडलं. सुतळी ओढून काढली. नळी वर खेचली. पाईपाने एकदा मोठा घोट घेतला आणि तो आवाज थांबला. बाईंनी नळीचं वाकडं टोक पाईपाच्या काठावर अडकवलं, वीतभरच आत सोडलं, आणि ती हलतेय ना, ते हलवून पाहिलं.

मग पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"सुहासनं घरी अशीच ठिवलीया. सैल."

आठ महिन्यांनी त्या नवऱ्यापुढे बोलत होत्या. 

"तुमी त्येला बोलला हुता. म्हनला, एवढं शिकून साधी नळी बसवता येत न्हाई. त्यो हसला निस्ता. सुहास हसला."

भोईटे उभे राहिले. त्यांचा हात भिंतीला होता.

"शालन... ते नाव नको."

बाईंनी हातातली सुरी धुवायला नळाखाली धरली. नळाला पाणी नव्हतं. त्यांनी ती पदराला पुसली, घागरी उचलल्या आणि विहिरीकडे गेल्या.

मला त्या माणसाचा राग आला, असा राग मला बऱ्याच वर्षांत कुणाचा आला नव्हता. एक शब्द पुरला असता. एक शब्दही नको होता, नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं.

थोड्या वेळाने त्यांनी दोन बादल्या घेतल्या आणि तेही उतरून गेले. बाई पुढे, हे मागे. अंतर शंभर पावलांचं. येताना तसंच, जाताना तसंच. बाई आपलं पाणी शेडमध्ये नेत होत्या, हे आपलं मशीनमध्ये ओतत होते. त्या माणसाने किती खेपा केल्या मला ठाऊक नाही. आता पाणी ओतलं की भांड्यात राहत होतं. काम संपलं की नळीतून खळाळून जात होतं आणि मग आपोआप थांबत होतं.

ऊन उतरेपर्यंत सातही खाटांच्या चादरी दोरीवर पडल्या. एसटीला अजून अर्धा तास होता.

भोईटे हातपाय पुसून बुवांपुढे येऊन बसले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सफेद्याचे डाग होते. बुवा वात वळत होते.

"चादरी निघाल्या. आता सांगा तिला."

बुवांनी मला खूण केली. मी शालनबाईंना बोलावून आणलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या.

बुवा दिलेला शब्द पाळतात. वाढवत नाहीत आणि कमी करत नाहीत.

"बाई, तुमचं मालक न्ह्यायला आल्यात. घरी जावा."

बाई खाली बघत होत्या. 

"बुवा, एक इचारा त्यास्नी."

"तुमीच इचारा की. समोर हायेत."

"न्हाई. तुमी इचारा." त्यांनी पदर दातात धरला आणि सोडला. "घरी मी त्येचं नाव घेतलं तर चालंल का? दिसातनं एकदा. जोरात न्हाई घेणार. तेवढं चालत असंल तर ही निघाले मी."

बुवांनी भोईट्यांकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं.

भोईट्यांनी तोंड उघडलं...

मला वाटलं, आता म्हणतील. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अहो, हो म्हणा. मान तरी हलवा. बाईंचा एक पाय दाराच्या आत होता, पिशवीसुद्धा त्यांनी खांद्याला अडकवून आणलेली मला आता दिसली. म्हणजे त्या जायच्या तयारीने आल्या होत्या.

भोईट्यांचे ओठ मिटले.

बाई थांबल्या. बुवांची एक वात वळून झाली, दुसरी झाली, तेवढा वेळ थांबल्या. मग खांद्यावरची पिशवी काढून हातात घेतली आणि शेडकडे गेल्या. आतून कुणी म्हातारी पाणी मागत होती. बाईंनी तिला उठवून बसवलं आणि पाणी पाजलं, ते आम्हाला तिघांनाही ऐकू आलं.

खाली रस्त्यावर एसटी आली. थोडी थांबली. गेली.

भोईटे हललेही नाहीत. मग बोलले, ते बुवांशी की स्वतःशी ते मला कळलं नाही. शुद्ध भाषा सुटून गेली होती.

"त्येचं नाव आलं की समदं फुटंल, बुवा. म्या दुसऱ्या पाळीत बघितलंय सांधा फुटल्यावर काय हुतं. मानसं ऱ्हात न्हाईत." ते थांबले. "म्हनून आठ म्हयने घरात कुनाच्या डोळ्यातनं थेंब पडू दिला न्हाई. माज्याबी न्हाई. वाईट केलं का म्या?"

बुवांनी वाती तबकात ठेवल्या.

"मोरीतबी थेंब गळला न्हवता. टाकीत काय ऱ्हायलं, भोईटे?"